दिलं नाही, टोचलं

दूषित रक्ताच्या सरकारी चौकशीसाठी दिलेल्या माझ्या लेखी जबानीचा मसुदा टपालानं आला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून मी आईला एकेक परिच्छेद मराठीत सांगत होते. दादाचा जन्म, त्याचं दुखणं, आमचं इंग्लंडला येणं, इथवर ती नुसती ऐकत होती. पुढं एक वाक्य आलं, 'माझ्या आईने त्याला घरी औषध दिले.' आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिलं नाही. टोचलं. मी टोचलं. तसं लिहायला सांग त्यांना."

"अगं, इंग्रजीत असंच लिहितात."

"इंग्रजीत सुईला काही शब्द असेलच की."

मी फोन करून तो शब्द बदलून घेतला. फोनवरच्या बाईंनी कारण विचारलं नाही. 'जबानी तुमची आहे, शब्द तुमचेच हवेत,' एवढंच म्हणाल्या. २०१९ चा वसंत होता. दादाला जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती, आणि त्याच्याबद्दल आम्ही वापरलेला एखादा शब्द कुणीतरी आम्हाला विचारून कागदावर ठेवतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

ब्रिटनमधल्या या प्रकरणाची मराठीत फारशी चर्चा झालेली नाही, म्हणून थोडं मागं जाते. १९७० ते १९९१ या काळात इथल्या सरकारी आरोग्यसेवेत उपचार घेणाऱ्या तीस हजारांहून जास्त माणसांना दूषित रक्तातून किंवा रक्तापासून बनवलेल्या औषधांतून एचआयव्ही किंवा कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, सी, यांची लागण झाली. सुमारे तीन हजार त्यातून दगावली. बहुतेकांना बाळंतपणात, अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस सी झाला. दुसरा गट आमच्यासारख्यांचा, हिमोफिलियावाल्यांचा. रक्तस्रावाचे आजार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला, त्यात ३८० च्या आसपास लहान मुलं होती. त्या १,२५० पैकी तीन चतुर्थांश माणसं आज नाहीत. दादा त्या मुलांमधला एक.

तो १९६८ चा. मी त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. १९७२ मध्ये बाबांच्या नोकरीमुळं आम्ही मिडलंड्समध्ये आलो. हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक शरीरात जवळजवळ नसतोच. दादाचा गुडघा काही न लागता आतल्या आत रक्त साठून नारळाएवढा सुजायचा, आणि तो रात्रभर उशी दातात धरून रडायचा. सुरुवातीला त्याला क्रायो मिळायचं, क्रायोप्रेसिपिटेट. एकेका रक्तदात्याच्या प्लाझ्मापासून बनवलेलं, गोठवून ठेवलेलं. त्यासाठी दर वेळी इस्पितळ गाठावं लागे. १९७८ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता नवं औषध आलंय, फॅक्टर आठची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या त्याच घटकाची पावडर. फ्रिजमध्ये ठेवा, पाण्यात कालवा, घरीच टोचा. मुलगा शाळेत जाईल, सायकल चालवेल.

नर्सनं आईला आठवडाभर शिकवलं. बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत हळूहळू फिरवायची. कोपराच्या आतली शीर बोटानं चाचपायची. आईला इंग्रजी जेमतेम यायचं, पण हे तिनं नर्सच्या हातांकडं पाहून उचललं. घरी परतल्यावर बाबांना म्हणाली, माझ्या पोराला आता वेदना होऊ देणार नाही.

त्या पावडरीची एक बाटली हजारो माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून बनते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यातला बराचसा प्लाझ्मा अमेरिकेतून येत होता. तिथं पैसे देऊन तो विकत घेतला जायचा, तुरुंगातल्या कैद्यांकडूनसुद्धा. हजारांत एकाचं रक्त दूषित असलं तरी सगळा घाणा दूषित होणार. कावीळीचा धोका त्या धंद्यातल्यांना सत्तरीच्या दशकातच माहीत होता. रक्ताच्या बाबतीत प्रत्येक देशानं स्वावलंबी व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये सांगितलं होतं. ब्रिटननं तसं ठरवलंही, पण ते झालं नाही आणि बाहेरून बाटल्या येत राहिल्या.

१९८५ मध्ये, सतरा वर्षांच्या दादाला इस्पितळाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं गेलं, एचआयव्ही झालाय. चाचणी आधीच होऊन गेली होती. ती करायची का, हे त्याला किंवा आईबाबांना कुणी विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी सरकारनं एड्सबद्दलचं पत्रक देशातल्या घराघरांत टाकलं. टीव्हीवर थडग्याच्या दगडाची जाहिरात लागली की बाबा उठून चॅनल बदलायचे. ओळखीच्या सगळ्यांना आम्ही 'ब्लड कॅन्सर' सांगितलं. गणपतीच्या आरतीला दादा दाराशी उभा राहायचा, प्रसाद हातात घेऊन पण न खाता, कारण कुणाचा हात लागला तर त्यांना नंतर काय वाटेल, याचा तो विचार करायचा. १९९१ मध्ये एचआयव्ही झालेल्यांना सरकारनं एकरकमी पैसे देऊ केले, पण त्यासाठी पुढं कावीळीबद्दलही दावा करणार नाही, अशा कागदावर सही द्यावी लागली. दादानं सही केली. त्याला हिपॅटायटिस सी सुद्धा आहे, हे त्याला १९९२ मध्ये सांगितलं गेलं. १९९३ च्या नोव्हेंबरात तो गेला, पंचविसाव्या वर्षी. इस्पितळातून त्याला बंद पिशवीत दिलं. पिशवी उघडायची नाही, असं सांगितलं. आईला त्याला आंघोळ घालता आली नाही, तोंडात गंगाजल घालता आलं नाही. यापुढचं त्या दिवसाबद्दलचं मी जबानीतही लिहिलं नाही.

चौकशी जाहीर झाली ती जुलै २०१७ मध्ये, थेरेसा मे पंतप्रधान असताना. पूर्वी एक खाजगी स्वरूपाची आणि एक स्कॉटलंडपुरती चौकशी झाली होती. साक्षीदारांना हजर राहायला आणि कागद दाखवायला भाग पाडण्याचा अधिकार असलेली, सगळ्या ब्रिटनची अशी ही पहिलीच. निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लँगस्टाफ तिचे अध्यक्ष. मी २०१८ मध्ये नाव नोंदवलं. नोंदणीच्या कागदांवर माणसांचे दोन प्रकार होते, लागण झालेले आणि झळ लागलेले. आई दुसऱ्या प्रकारात.

वकिलांनी पहिलं काम सांगितलं, दादाची इस्पितळातली कागदपत्रं मागवा. मी अर्ज केला, स्मरणपत्रं पाठवली. सात महिन्यांनी एका परिच्छेदाचं उत्तर आलं, ठरलेल्या मुदतीनंतर कागदपत्रं नष्ट केली आहेत. पुढच्या काळात सुनावण्यांतून कळलं की असं उत्तर मिळालेली आमच्यासारखी कितीतरी घरं होती. खुद्द आरोग्य खात्याचे कागदही नाहीसे झाले होते, आणि त्यातले काही जाणूनबुजून नष्ट केले गेले, असा निष्कर्ष पुढं अहवालात आला. पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं की आता आपलं म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्याकडं नसेल. माझ्याकडं आहे."

माझी मावशी दर वर्षी मुंबईहून पोस्टानं कालनिर्णय पाठवायची. आपल्याकडं कालनिर्णयाच्या चौकटींत दुधाचा हिशोब लिहितात. आई इंग्लंडात येऊनही तो लिहायची, दारात बाटल्या ठेवून जाणाऱ्या दूधवाल्याचा. त्याच चौकटींत ती दादाच्या बाटल्याही लिहायला लागली. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दुधाचा आकडा, खालच्या कोपऱ्यात फॅक्टरचा. इस्पितळाला द्यायच्या तक्त्यावर प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक भरावा लागे. आईला इंग्रजी तक्त्याची भीती वाटायची, काही चुकेल म्हणून. म्हणून ती आधी कालनिर्णयाच्या समासात क्रमांक उतरवून ठेवायची आणि बाबा संध्याकाळी तिथून तक्ता भरायचे. १९७८ ते १९८५ अशी आठ वर्षं. सगळी कालनिर्णयं गुंडाळून, लाल सुतळीनं बांधून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलेली. मला ती ट्रंक ठाऊक होती. तिच्यात जुन्या साड्या आहेत, असं मी समजत होते.

चौकशीतर्फे जबानी घ्यायला एक बाई घरी आल्या, दोन दिवस. आईसाठी अधिकृत दुभाषा देऊ, असं त्यांनी सुचवलं. आई नको म्हणाली. मराठी बोलणारा परका माणूस म्हणजे आपलं गुपित आपल्याच भाषेत बाहेर जाणार. म्हणून जबानी माझ्या नावानं झाली आणि आई शेजारी बसून राहिली. त्या बाई कालनिर्णय हातात घ्यायच्या आधी हात धुऊन आल्या, हे मी कधी विसरणार नाही. मग त्यांनी विचारलं, या चौकटीतली दोन अक्षरं कोणती? मी सांगितलं, एक दूध आहे आणि एक माझा भाऊ.

पुढचे दोन महिने मी रात्री बसून ते सगळं उतरवलं. देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे, तारीख, बाटल्या किती, क्रमांक काय, शेरा काय. आईचे शेरे फार थोडके. 'डावा गुडघा.' 'शीर मिळेना, तीनदा.' 'शाळेची सहल.' जानेवारी १९८५ च्या एका चौकटीत आहे, 'परत दिल्या, ६.' तेव्हा नर्सनं फोन करून फ्रिजमधल्या उरलेल्या बाटल्या परत मागवल्या होत्या. कारण सांगितलं नव्हतं. उष्णता देऊन विषाणू मारलेलं औषध त्या सुमारास यायला लागलं होतं, हे आता कळतं. आईला मात्र वाटलं होतं, आपण फ्रिज नीट ठेवत नाही म्हणून परत मागितल्या.

ती आठ कालनिर्णयं आमच्या जबानीची परिशिष्टं झाली, प्रत्येकीला क्रमांक पडला. मूळ प्रती आम्हालाच परत मिळाल्या. जबानीत ज्या डॉक्टरांवर टीका होती, त्यांच्या इस्पितळाला उत्तर द्यायची संधी देण्यात आली. नियमच तसा आहे, आणि तो योग्यच आहे, असं मला आजही वाटतं. उत्तर दोन पानी होतं. त्या काळच्या प्रचलित पद्धतीनुसार उपचार झाले, आता कागदपत्रं उपलब्ध नसल्यानं अधिक सांगता येत नाही. दोन पानांत दादाचा उल्लेख 'रुग्ण' असा अकरा वेळा होता.

आम्ही नावं गुप्त ठेवायला सांगितली होती. त्यामुळं प्रसिद्ध झालेल्या प्रतीत जिथं जिथं दादाचं नाव होतं, तिथं रिकामी चौकट आणि तिच्यात जीआरओ अशी अक्षरं, म्हणजे नाव उघड करायला मनाई. आईनं त्या चौकटींवरून बोट फिरवलं. "पुन्हा झाकलं का त्याला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आपणच सांगितलं होतं ना. ती म्हणाली, "चोरी त्यांची आणि तोंड आपण लपवायचं." तरी आम्ही ते बदललं नाही. घरात पुढची मुलंबाळं आहेत. हे लिहितानाही मी त्याला दादाच म्हणते आहे.

सुनावण्या ३० एप्रिल २०१९ ला लंडनमध्ये सुरू झाल्या, मग बेलफास्ट, लीड्स, एडिंबरा, कार्डिफ. जूनमध्ये लीड्सला मी आईला घेऊन गेले. मला कोर्टाची धास्ती होती. पण तिथं साक्ष द्यायला बसलेल्या माणसाला कुणी उलटतपासणी करत नव्हतं. वकील शांतपणे विचारायच्या, माणूस बोलायचा, थांबायचा, पाणी प्यायचा. साक्ष संपली की सभागृह टाळ्या वाजवायचं. रेड क्रॉसचे लोक बाजूला असत, कुणी उठून बाहेर गेलं की हळूच त्याच्या मागं जात. सर ब्रायन प्रत्येकाचं ऐकून घेऊन स्वतःच्या शब्दांत आभार मानायचे. आईला भाषा अर्धीच कळत होती, पण पहिल्या तासानंतर ती मला 'काय म्हणाली?' असं विचारायची थांबली.

दुपारी चहाच्या रांगेत आईच्या वयाची एक यॉर्कशरची बाई आमच्यापुढं उभी होती. छातीवर एका मुलाचा फोटो लावलेला. तिनं आईकडं पाहिलं आणि विचारलं, मुलगा? आईनं मान हलवली. मग त्या बाईनं स्वतःची बाही वर सारली आणि कोपराच्या आतल्या शिरेवर दोन बोटं ठेवली. ती बोलत काही नव्हती. बोटांनी शीर चाचपायची, अंगठ्यानं दाबायची, मग सुई धरल्यासारखे दोन बोटांचे चिमटे, अगदी तिरपे, खालून वर. आईनं चहाचा कप माझ्या हातात दिला. आपली बाही वर केली आणि तीच खूण केली. दोघी तशाच, रांगेत, कोपरं उघडी ठेवून उभ्या राहिल्या. मागच्या माणसांनी रांग वळवून नेली. माझ्या जन्मात मी आईला त्या गोष्टीबद्दल कुणा बाहेरच्या माणसाशी बोलताना पाहिलं ते एवढंच.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "तिनं पण टोचलं."

करोनानंतर आम्ही सुनावण्या यूट्यूबवर थेट पाहायला लागलो. आई रोज दहा वाजता खुर्ची टीव्हीसमोर ओढायची. जून २०२१ मध्ये ट्रेलोर या शाळेबद्दल साक्षी झाल्या. तिथं हिमोफिलियाची मुलं निवासी शिकायची आणि शाळेतच त्यांच्यावर उपचार व्हायचे. १९७० ते १९८७ दरम्यान अशी १२२ मुलं तिथं होती, त्यातली हयात आहेत तीसच्या आसपास. त्या मुलांवर पालकांना न कळवता संशोधन झालं, असं पुढं अहवालात आलं. जुलैमध्ये केनेथ क्लार्क, १९८३ मध्ये आरोग्य राज्यमंत्री असलेले, तीन दिवस साक्षीला बसले. रक्तातून एड्स पसरतो याला निर्णायक पुरावा नाही, हे १९८३ मधलं सरकारचं पालुपद त्यांच्याही तोंडचं. अहवालानं त्यावर ताशेरे ओढले. आईनं ते तिन्ही दिवस पाहिले आणि एक शब्द बोलली नाही.

पैशांबद्दल एकच सांगते. २०२२ मध्ये चौकशीच्या पहिल्या अंतरिम अहवालानंतर हयात रुग्णांना आणि मेलेल्यांच्या जोडीदारांना एक लाख पौंड मिळाले. दादाचं लग्न झालं नव्हतं. आईबाप त्या यादीत नव्हते. बाबा तोवर गेले होते. 'मला पैसे नकोत, पण मला मोजलं का नाही?' असं आईनं विचारलं. सर ब्रायननी पुढच्या वर्षीच्या अंतरिम अहवालात आईबाप आणि मुलांच्या बाजूनं शिफारस केली. ती अमलात यायला आणखी वेळ गेला, आणि त्या वेळात लीड्सला भेटलेली ती यॉर्कशरची बाई वारली. तिच्या मुलीनं मला कळवलं.

२० मे २०२४. वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये मी एकटी गेले, आई त्र्याऐंशीची, प्रवास झेपणार नव्हता. अहवालाचे सात खंड, अडीच हजारांहून जास्त पानं. सर ब्रायन व्यासपीठावर आले तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. त्यांनी सांगितलं की हा अपघात नव्हता. डॉक्टर, रक्तसेवा आणि एकामागून एक आलेली सरकारं, ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी रुग्णांची सुरक्षितता आधी पाहिली नाही, म्हणून हे घडलं. संध्याकाळी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली.

रात्री उशिरा घरी पोचले तर आई जागी. तिनं माफी टीव्हीवर पाहिली होती. मी तिला ते वाक्य मराठीत सांगितलं, अपघात नव्हता. तिनं विचारलं, त्यात आईबद्दल काही आहे का? मी सांगितलं, धोके माहीत असून रुग्णांना आणि आईबापांना सांगितले नाहीत, असं लिहिलंय. मग त्या साथरोगाच्या डॉक्टरांचं सांगितलं. स्पेन्स गॅलब्रेथ, साथींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी केंद्राचे संचालक. अमेरिकन रक्तापासून बनवलेली ही औषधं मागं घ्या, असं त्यांनी आरोग्य खात्याला लेखी कळवलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये औषध सुरक्षा समितीच्या तज्ज्ञांनी ती मागं न घेण्याचं ठरवलं.

"पत्र कधीचं म्हणालीस?"

"९ मे १९८३."

"वार?"

मला माहीत नव्हता. आई उठली, कपाटातून सुतळीनं बांधलेलं भेंडोळं घेऊन आली, १९८३ चं कालनिर्णय टेबलावर पसरलं आणि मे महिन्याचं पान काढलं. सोमवार होता. चौकटीत वर दुधाच्या दोन बाटल्या, खाली काही नाही. तिनं चष्मा लावला आणि बोट १० तारखेवर ठेवलं.

"तू लिही," ती म्हणाली. "मी मोजते."

१२ मे, एक. १६ मे, दोन. १७ मे, एक, डावा गुडघा. २५ मे, दोन. तिनं पान उलटलं. जून, ३ तारीख, एक.